धाकट्या भावाला चायनीज खाऊ घालायला

दिवाळीनंतरच्या बुधवारी मी नांदेडहून निघाले ती मोठ्या तोऱ्यात. "मी तुझ्या अप्पांना हॉटेलात घेऊन येते, तू कढई तापवून ठेव," असं लातूरला भाचीला फोनवर सांगूनच टाकलं होतं. भाची म्हणजे रेणुका, माझ्या धाकट्या भावाची, शिवाची, एकुलती एक लेक. अन्नतंत्रज्ञान शिकली, पुण्याच्या एका कारखान्यात चांगल्या पदावर होती. आई गेल्यावर बाप उदगीरला एकटा पडला, म्हणून नोकरी सोडून जवळ आली आणि लातुरात स्वतःचं छोटंसं चायनीज हॉटेल काढलं. ते चाललंही. पण शिवानं अजून त्या हॉटेलची पायरी चढली नव्हती. धान्य खरेदीच्या कामाला तो लातूरला नेमानं जायचा आणि दुसरीकडे जेवून परत यायचा.

आता पुण्याची जुनी नोकरी पुन्हा चालून आली होती आणि रेणुकाला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. "जवळ राहून परकं व्हायचं, त्यापेक्षा लांब गेलेलं बरं, आत्या," ती म्हणाली. सोमवारच्या आत शिवाला तिच्या टेबलाशी बसवायचं, एवढं एकच काम घेऊन मी पिशवी भरली.

निघण्याआधी नांदेडच्या वजिराबादेत सलीमभाईंच्या हॉटेलात गेले. त्यांच्या वडिलांचं इथं चहाचं दुकान होतं. सलीमभाईंनी त्याच भट्टीवर चायनीज सुरू केलं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, पण मुलानं एकदा इथले नूडल्स खाऊ घातले आणि मी कायमची बिघडले. आमच्या ह्यांच्या मते नूडल्स म्हणजे गांडुळं. ते शेजारी चहा पितात आणि तोंड भिंतीकडे करतात.

"आपा, आज पार्सल? बैठ के खाओ की," सलीमभाई म्हणाले.

"भावाला न्यायचंय उदगीरला. तर्री जरा जास्त घाला."

"फिकर नको. तुमची कढई अलगच हाय."

तर्री म्हणजे रश्श्यावरचा लाल तवंग. नूडल्सवर तर्री ओतायची ही रीत चीनमध्ये कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. वर कच्चा कांदा आणि लिंबू. भावाला आमिष म्हणून मी डबा भरून घेतला आणि देगलूरच्या बसमध्ये खिडकी पकडली.

नायगाव मागे पडेपर्यंत डबा मांडीवर शांत होता. मग एका गतिरोधकावर बस अशी उडाली की झाकण सैल झालं आणि माझ्या फिकट पिवळ्या साडीवर तर्रीचा ओघळ उतरला. शेजारची बाई दचकलीच. "अवं बाई, लागलं का काय? रगत हाय की!" मी डबा उघडून दाखवला. तिनं वास घेतला आणि म्हणाली, "मग पुसून काय टाकलालाव, चाटा की." बस हसली, मीही हसले. डाग मात्र राहिला तो राहिलाच.

देगलूरला उदगीरची गाडी यायला वेळ होता. स्टँडबाहेर लक्ष्मम्मा नावाच्या तेलुगू बाईचा गाडा आहे. इथून तेलंगण आणि कर्नाटक दोन्ही हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गिऱ्हाईक मराठीत मागतं, ती तेलुगूत बोलते आणि मधेच कुणीतरी कन्नडमध्ये तिखट वाढवायला सांगतं. ती फ्लॉवरचे तुकडे कुरकुरीत तळून मसाल्यात परतते आणि शेवटी मूठभर कढीपत्ता टाकते. इकडे त्याला मंचुरिया म्हणतात. "तिनंडी अम्मा (खा बाई)," म्हणत तिनं द्रोण हातात दिला. कढीपत्त्याचा तो वास बसमध्येही बोटांना होता. मला विचाराल तर देगलूरचा मंचुरिया नांदेडच्या वरचढ आहे. हे सलीमभाईंना कळवू नये.

दुपारी उदगीरच्या मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) पोहोचले तेव्हा सोयाबीनची आवक जोरात होती. रस्त्यावर पोत्यांच्या थप्प्या, हवेत धूळ, आणि मधोमध आमचा शिवा, टोपी मागे सरकवून. "आक्का, बस की गादीवर. एवढं उरकून येतो," म्हणाला. मग मी बसले आणि त्याचा धंदा बघत राहिले.

आमच्या वडिलांचंही हेच होतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही, पण तुम्हाला सांगायला हवं. एका शेतकऱ्याच्या पोत्यात शिवानं हात घातला, दाणे तळहातावर घेतले आणि हसून म्हणाला, "छान हाय माल, मामा. लई छान." आणि पुढे गेला. घेतला नाही. पुढच्या पोत्यातले दाणे त्यानं दातांखाली फोडले आणि सुरू झाला. ओल हाय. काडी हाय. दाणा बारीक हाय. असला माल घेऊन मी काय करू? शेतकरीही भांडला. आणि पाच मिनिटांत ती सगळी थप्पी शिवाच्या काट्यावर! घ्यायचा नसेल त्याचं कौतुक करायचं, घ्यायचा असेल त्याला नावं ठेवायची. कौतुक केलं की भाव चढतो ना. सगळा मोंढा असाच वागतो, पण शिवाच्या हाडात ते इतकं मुरलंय की रेणुकाच्या आईला, माझ्या भावजयीला, त्यानं आयुष्यभर स्वयंपाकावरून बोल लावले आणि ती खुशीत असायची.

रात्री जेवताना मी डबा पुढे केला. गार नूडल्स त्यानं आडवा हात मारून खाल्ले. म्हणजे चायनीजशी त्याचं काही वाकडं नव्हतं.

"उद्या लातूरला चाललायस ना? मी येते. रेणुकाकडे जेवू," मी म्हणाले.

त्यानं डबा बाजूला सरकवला. "आक्का, तुला न्हाई माहीत. ती सोयाबीनचं पनीर करती न् लोकांला खाऊ घालती. मोंढ्यात काय म्हणतात ठावं हाय? आम्ही पेंड गुरांला घालतो, शिवअप्पाची लेक माणसांला घालती." पेंड म्हणजे तेल काढून उरलेला चोथा. "साहेबीण होती ती पुण्यात. मी सगळ्यांला सांगत फिरलो होतो."

"आता ती पुन्हा पुण्याला जाईल. सोमवारी कळवणार आहे. मग सांगत फीर."

हे त्याला ठाऊक नव्हतं. पाणी पिऊन तो उठला आणि अंगणात येरझाऱ्या घालत राहिला.

सकाळी त्याच्या गाडीतून निघालो. सोयाबीन निघालेल्या रानात हरभऱ्याच्या हिरव्या ओळी उठल्या होत्या आणि बांधाकडेनं तूर पिवळी फुलली होती. शिवा एरवी रस्ताभर प्रत्येक रानाचा उतारा, एकरी किती पोती निघतील ते, सांगतो. आज त्यानं एकाही रानाकडे पाहिलं नाही. लातूरला आधी मोंढ्यातलं काम त्यानं विनाकारण लांबवलं. मग शिकवणीवर्गांच्या गल्लीत, रेणुकाच्या हॉटेलापुढे, गाडी लावली आणि म्हणाला, "तू खाऊन ये. मी गाडीत बसतो."

"शिवा, मी तुझ्याहून मोठी आहे. तू गाडीत बसलास तर मीही इथंच बसेन, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक पोराला सांगेन का बसलोय ते."

तो उतरला. माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास आहे.

हॉटेल छोटं, पण लख्ख. मोजकी टेबलं, सगळीकडे पाठीवर दप्तरं अडकवलेली पोरं-पोरी. रेणुका दारात आली, बापाला बघून जागीच थांबली. "या अप्पा," म्हणाली. आवाज साधा ठेवला तिनं, पण पदराला हात पुसत राहिली. हात कोरडे होते. मग ताटात आधी लिंबाची फोड ठेवून तिनं जे सर्वांत जास्त खपतं ते वाढलं: टोफूचं, म्हणजे त्या सोयाबीनच्या पनीरचं, मंचुरियन, दाट लाल रश्श्यात, वर कांद्याची पात. मी पहिल्याच घासाला खूश झाले. आलं, लसूण, हलकं आंबट, आणि आत लुसलुशीत पांढरा तुकडा.

शिवानं दोन तुकडे खाल्ले. चमचा खाली ठेवला. आणि हसून म्हणाला, "छान हाय. लई छान हाय."

रेणुकाचा चेहरा उतरला. ती मोंढ्यातच वाढलेली पोर. ती आत गेली. एवढ्या तोऱ्यात बापाला आणलं होतं आणि त्यानं तिला चारचौघांत नाकारलं होतं, तेही गोड बोलून. मला शिवाचा इतका राग आला की ताट त्याच्या डोक्यावर पालथं घालावंसं वाटलं.

तेवढ्यात रेणुका बाहेर आली. हातात स्टीलची ताटली, त्यात टोफूची पांढरी वडी, नुसती. मसाला नाही, रस्सा नाही. ताटली तिनं जवळजवळ आपटलीच.

"हे बघा अप्पा. झाकलेलं न्हाई काही."

शिवानं वडीकडे पाहिलं. मग अंगठ्यानं दाबली. वडी दबली आणि पुन्हा वर आली. कोपरा मोडला, वास घेतला, जिभेवर ठेवला.

"दाणा कुठला?"

"निलंग्याकडचा."

"बापाला सोडून निलंग्याला गेलीस?"

"तुम्ही दिला असता?"

त्यानं आणखी एक तुकडा मोडला आणि कपाळाला आठी घातली. "ओल राहिली हाय ह्याच्यात."

रेणुका टेबलाजवळ सरकली. "दाबून ठेवलं होतं की."

"काय दाबलीस? अन् कच्चा वास हाय जरा. मीठ न्हाई. वडी तर कशी वाकडी कापलीस, एक कोपरा जाड, एक बारीक." बोलता बोलता तो खात होता. "असलं गिऱ्हाइकाला देत्यात व्हय? काय म्हणतील लोक?"

शेजारच्या टेबलावरची एक मुलगी कावरीबावरी झाली. तिनं हळूच रेणुकाला विचारलं, "ताई, काकांना आवडलं न्हाई का?"

"लई आवडलंय," रेणुका म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

शिवाला ते दिसलं. तो बावरला, पण गडी थांबला नाही. वडी संपवून त्यानं विचारलं, "किती हाय असलं शिल्लक?"

तिनं आत बोट दाखवलं. ओल्या फडक्याखाली वड्यांची रांग होती.

"सगळं बांध."

"अप्पा, संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला काय देऊ?"

"संध्याकाळचं दुसरं कर. हे मी उचललं." खिशातून पाकीट काढून त्यानं टेबलावर ठेवलं. "भाव सांग. फुकट माल मी कोणाचा उचलला न्हाई, तुझाबी उचलणार न्हाई. उद्या मोंढ्यात वाटतो. पेंड म्हणणाऱ्या एकेकाच्या तोंडात तुकडा घालतो, मग बघू."

रेणुकानं भाव सांगितला. त्यानं घासाघीस केली. तिनं एक पैसा सोडला नाही.

तो वड्या घेऊन उदगीरला गेला आणि मी नांदेडची बस धरली. परतीचा रस्ता चाकूर-अहमदपूरवरून. चाकूरला बस थांबली तिथं एका बाईच्या गाड्यावर मंचुरियनचा रस्सा ज्वारीच्या भाकरीशी मिळत होता. "रानातनं आलेल्या माणसाचं नूडल्सनं पोट भरत न्हाई वो," ती म्हणाली. मी भाकरी रश्श्यात कुस्करली आणि अशी रंगले की कंडक्टरला खाली उतरून हाका माराव्या लागल्या. अर्धी भाकरी हातात घेऊन मी चढले.

अहमदपूरच्या अलीकडे रेणुकाचा फोन आला. "आत्या, पुण्याला कळवलं. येत न्हाई म्हणून."

"अगं, सोमवार कुठं उजाडलाय?"

"कशाला थांबायचं?"

मी बसमध्ये सगळ्यांसमोर रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही. लांब राहणाऱ्या लेकीला आपण फोन करतो, ख्यालीखुशाली विचारतो, आणि ते पुरतं. जवळ आलेल्या लेकीकडे उठून जावं लागतं. शिवाला ते फार अवघड गेलं, आणि का ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. मी मोंढ्यातल्या टिंगलीलाच कारण धरून बसले होते.

घरी येऊन साडी भिजत घातली तोच शिवाचा फोन. "आक्का, पोचलीस का?" मी हो म्हणाले.

"तू रेणुकाला बघितलीस का गं," तो म्हणाला, "वाढताना? आधी लिंबाची फोड ठेवली, मग बाकीचं. तिची आई तसंच वाढायची. मला वाटलंच होतं, तिथं गेलो तर तिची आईच दिसंल म्हणून. त्याच्यामुळंच जाऊ वाटत नव्हतं."