उभं राहून काढलेला फोटो

"बाई, आतल्या बाजूला गादीच उरली नाही. हाडावर हाड घासतंय."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि मी खुर्चीतून पुढं वाकून बघितलं. डाव्या गुडघ्यात बाहेरच्या अंगाला फट होती. आतल्या अंगाला फटच नव्हती. हा माझाच पाय आहे हे मला खरं वाटेना.

कारण उदगीरला आधी काढलेल्या फोटोत सगळं ठीक होतं. तेव्हा मी टेबलावर छान आडवी झाले होते. त्या भरवशावर मी बिब्याचे चटके घेतले, फोड आणले आणि वात आहे म्हणून वांगी सोडली. लातूर नवा जिल्हा झाल्यावर तिथं हाडांचे डॉक्टर बसू लागले, म्हणून आम्ही यष्टीनं तिथं गेलो. त्यांनी मला उभं करून फोटो काढला. दुष्काळामुळं फिल्म धुवायलाही पाणी नव्हतं. टँकर येईपर्यंत बाकावर बसून मी आमच्या ह्यांना म्हणत होते, उगीच दुकान बंद ठेवलंत.

म्हणून तुम्हाला सांगते, गुडघ्याचा फोटो उभं राहूनच काढून घ्या. भार पडल्याशिवाय झीज दिसत नाही.

आजाराचं नाव ऑस्टिओआर्थ्रायटिस. हाडांच्या टोकांवर कार्टिलेज नावाची गुळगुळीत गादी असते, ती झिजते. माझं अलाइनमेंट, म्हणजे खुब्यापासून घोट्यापर्यंतची रेघ, बिघडलं होतं. पाय धनुकलीसारखा बाहेर वाकलेला. "चौकट तिरपी झाली की दार एकाच कोपऱ्याला घासतं, तसं," डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, कमरेवर घागरी वाहून झालं का? "नुसत्या घागरीनं नाही. पण वाकड्या पायावर तुम्ही भार टाकत राहिलात."

उपाय होता ऑस्टिओटॉमी. गुडघ्याखालचं हाड कापून रेघ सरळ करायची, मग प्लास्टर. ते मी ऐकून घेतलं. पुढचं वाक्य ऐकून मात्र हबकले. "आणि मांडी घालून जमिनीवर बसायचं कायमचं बंद."

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत नाही. आमच्या घरात पूजेला सासूबाईंच्या शेजारी, जमिनीवर घोंगडी टाकून, मांडी घालूनच बसायचं. लग्न झाल्यापासून हा नेम चुकला नव्हता. मी ह्यांना तिथंच सांगितलं, पाय राहू द्या वाकडा, मला ऑपरेशन नको.

घरी आल्यावर ह्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात भाकरी वाढली. मला वाटलं, मी बरोबरच केलं.

सकाळी आंघोळ करून देवघरात गेले तर दुकानातलं लोखंडी स्टूल तिथं मांडलेलं, वर माझी घोंगडी घडी घालून ठेवलेली.

"बस," सासूबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, तुम्ही खाली आन् मी वर?"

"लिंग तळहातावर हाय, फरशीवर न्हाई. बस म्हन्ते ना!"

मी बसले. रडत रडतच पूजा केली. पाय सरळ करून घ्यायचं त्याच दिवशी ठरलं.

प्लास्टरचे दिवस वाईट गेले. आत खाज सुटायची, उकाडा जीव घ्यायचा, आणि नळाची वाट बघत घरातले माझ्या वाट्याच्या घागरी भरायचे. पण प्लास्टर निघालं आणि काठी टेकत उभी राहिले, तेव्हा आतली ती कळ नव्हती. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. गादी परत येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

पण खरा धक्का प्लास्टर काढून घरी आल्यावर बसला. देवघरात दोन स्टुलं होती.

"दुसरं कुणाचं?" मी विचारलं.

सासूबाई भिंतीला धरून सावकाश त्यावर टेकल्या. "माजे बी गुडघे लई वरसं दुखायलेत. तू खाली बसायचीस, मग मी कोन्त्या तोंडानं वर बसनार?"

मी रोज त्यांच्याकडं बघूनच दात आवळून खाली बसत होते.