बर्फाच्या पेटीतला पाय

साल २०२५, माझं वय अठ्ठ्याहत्तर. दिल्लीहून वसंताच्या बायकोचा फोन आला, "दादा, हे गेले." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. सतरा वर्षं आम्ही भाऊ बोलत नव्हतो, आता उगाच गळा कशाला काढू?

वसंता माझा धाकटा. राई गावच्या शेतात माझ्याबरोबर चिखल तुडवलेला. मी चौथीत शाळा सोडली; तो शिकला, संरक्षण मंत्रालयात मोठा अधिकारी झाला. लोक म्हणायचे, देश सांभाळतो. कसला सांभाळतो! फायलीवर सही करायची, खाली तारीख टाकायची, फाईल पुढे सरकवायची. गावी आला तरी दुधाच्या कार्डावर तारखेसकट सही करणारा माणूस. माझा प्रवीण फौजेत होता. त्याला बर्फातल्या चौकीवर धाडलं, तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा वसंताकडे काही मागितलं. "एक फोन कर, पोराला खाली आण." तर म्हणतो, "दादा, तो खाली आला की वर दुसऱ्या कुणाचा पोरगा जाईल." असली वाक्यं खुर्चीत बसून सुचतात... प्रवीण परत आला तो उजव्या पायाची दोन बोटं तिकडेच ठेवून.

त्याच वर्षी मे महिन्यात वसंता गावी आला. धक्क्यावर बघतो तर मासळीच्या पेटीत बर्फ भरून हा बसलेला. एका पायात जाडजूड बूट, दुसरा उघडा, दोन्ही बर्फात आणि नजर घड्याळावर. चांगला अर्धा तास! कोळणी हसून बेजार. "सायेब, ह्यं म्हावरं कसं दिलं?" "सरकारी हाय गं, परवडाचं न्हाय!" मी सगळ्यांदेखत ओरडलो, "माझ्या पोराची बोटं गेली आणि तू तमाशा करतोस?" त्याने वहीत काहीतरी लिहिलं, खाली सही, तारीख. ते आमचं शेवटचं.

तेराव्याला प्रवीण म्हणाला, "आबा, पुढच्या हिवाळ्याला चौकीवर सगळ्यांचे बूट बदलले. काकांनी जुन्या बुटांच्या खरेदीची फाईल अडवून धरली होती. पलटणीत सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतं तुझं?"

"तुम्ही त्यांचं नाव तरी काढू देत होता?"

बूट आले ते बोटं गेल्यावर. मी आजही हेच म्हणतो. आणि सख्ख्या भावाला दोन शब्द सांगायला काय जात होतं त्या साहेबाचं?...

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेलो. एका पेटीत बर्फ भरून घेतला, चप्पल काढली आणि पाय आत घातला. पाचव्या मिनिटाला बाहेर काढावा लागला.