संदुकीतलं गाणं

अंड्यात मळलेली निम्मी कणीक लाटून झाली होती, तेवढ्यात एर्कोले नाटकघरातून परतला आणि डोक्यावरच्या टोपीसकट खुर्चीत बसला. नवऱ्याचा चेहरा पाहून झेलिंदानं लाटणं खाली ठेवलं.

"शेवटच्या अंकातलं आईचं गाणं गायिकाबाई म्हणणार नाहीत," तो म्हणाला. "संदुकीत घालून गावोगाव नेतात, तेच आपलं ठेवणीतलं गाणं इथंही म्हणणार. टाळ्या हमखास!"

इटलीतल्या पार्मात ही रीत जुनीच. नावाजलेल्या गायिकेपुढे संगीतकाराचं काय चालणार? पण आईचं ते गाणं म्हणजे त्यांच्या लेकीची, नीवेसची अंगाई होती. पोर तापात गेली, तेव्हा झेलिंदा उशाशी बसून तेच गुणगुणत होती. एर्कोलेनं ते तिला न विचारता आपल्या नव्या ऑपेरात घातलं, म्हणून ती वर्षभर मनात धुमसत होती. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटेना.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? रिवाजाप्रमाणे पहिले तीन प्रयोग संगीतकार म्हणून वाद्यापाशी मलाच बसायचंय. आईचं गाणं पडलं तर लोक शिट्ट्या मारून हाकलतील ते मला."

"पोटच्या पोरीचं गाणं चव्हाट्यावर मांडलंत, आणि आता शिट्ट्यांना भिऊन उचलताय?"

एर्कोलेनं टोपी काढली. "मला वाटलं होतं, झेलिंदा, संगीतात तरी ती राहील."

झेलिंदानं मेरीमातेच्या तसबिरीकडे पाहिलं. राग होताच, पण त्याच्यासाठी जीवही तुटला.

"राहील. घरात राहील," ती म्हणाली. तिनं कणकेवर ओलं फडकं टाकलं, शाल घेतली आणि अंगाईचे कागद परत आणायला ती संगीताच्या प्रती उतरवून देणाऱ्या गास्पारेच्या दुकानाकडे निघाली.