देवाला ठाऊक असताना

परमेश्वराची शाळामास्तराच्या हुद्द्यावर नेमणूक करणारा माणूस त्रिभुवनात एकच झाला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. मालवणच्या किनाऱ्यावर सुक्या बांगड्यांचा उग्र दर्प आणि सुरंगीचा मधाळ गंध एकाच झुळकीबरोबर घरात येतात. तिथल्या एका प्राथमिक शाळेत आतोबांनी उभी हयात मुलांना प्रश्न विचारण्यात घालवली, आणि त्यातून त्यांना एक साक्षात्कार झाला. ज्याला उत्तर ठाऊक आहे, त्यालाच प्रश्न विचारण्याचा अधिकार! 'सात नव्वे किती?' हे मास्तर काही स्वतःला येत नाही म्हणून विचारत नसतो. देवाचेही तसेच. तो सर्वज्ञ, तेव्हा पोथ्यापुराणांत तो जे जे विचारतो, ती सगळी तोंडी परीक्षा.

या परीक्षेचे निकाल त्यांनी लाल बांधणीच्या एका वहीत सुवाच्य अक्षरात नोंदवले होते. 'वहिनींनी माझ्यासाठी काय पाठवले?' या कृष्णाच्या प्रश्नावर पोह्यांची पुरचुंडी काखेत दडवणाऱ्या सुदाम्याला शून्य. 'ऐकलेस ना नीट?' या प्रश्नावर 'माझा मोह गेला' असे निःशंक उत्तर देणाऱ्या अर्जुनाला पैकीच्या पैकी. मात्र अठरा अध्याय लावले म्हणून दोन गुण वजा. देवळात पुराण सांगणाऱ्या बुवांना त्यांनी भर सभेत उभे राहून विचारले होते, "बुवा, काखेत पोहे आहेत हे कृष्णाला दिसत नव्हते?"

"दिसत होते की."

"मग विचारले कशाला?"

बुवांनी उपरण्याने कपाळ पुसले. "ती त्याची लीला."

"लीला म्हणजे तुम्हाला उत्तर येत नाही," असे म्हणून आतोबा शांतपणे खाली बसले. पुढच्या वर्षी बुवांनी सुदाम्याला पोथीतच झोपवून ठेवले.

देवाने घालून दिलेला हा नियम आतोबा स्वतःही पाळत. मासळीवाली दारात आली, की तिच्या पाटीतून हातभर इसवणाची रुपेरी शेपटी बाहेर लोंबत असताना ते गंभीरपणे विचारीत, "गो, पाटयेत काय आसा?"

"मास्तरानू, डोळे फुटले काय? ही शेपटी काय केवड्याची?"

"उत्तर बरोबर."

"मगे घेतल्यात?"

"नाही. आज एकादशी." त्यानंतर तिच्या तोंडून जे निघे, ते माझ्या लेखणीला पेलणारे नाही.

आणि जे ठाऊक नाही, ते मात्र त्यांनी जन्मात कोणाला विचारले नाही. चष्मा हरवला, की ओसरीवर उभे राहून ते "चष्मा घरातच आहे" असे नुसते जाहीर करीत; मग आतून आत्या ओरडे, "ओ, तुमच्या कपाळार आसा तो!" एकदा कुडाळला लग्नाला म्हणून निघाले आणि कोणती एसटी कुठे जाते हे न विचारताच बसल्यामुळे वैभववाडीला उतरले. लग्न कोणाचे, हेही विचारायचे नसल्याने दिसलेल्या पहिल्या मांडवात शिरले, पंगतीत मठ्ठा वाखाणला, वधूवरांना आशीर्वाद दिला आणि परत येऊन "मुलगी नक्षत्रासारखी आहे" असे आत्याला सांगितले. कुडाळची मुलगी आत्याच्या माहेरची, म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण होती!

महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या पुढल्या वर्षी त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे, शालनचे, लग्न ठरले. मुलगा खारेपाटणचा, पण नोकरी पार नागपूरला. शालनच्या मनात तो भरला होता. नुसते त्याचे नाव निघाले, की तिच्या हातातली कणीक सैल होई. राहिला होता फक्त ग्रामदेवतेचा कौल. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, मुलीच्या बापाने देवाला प्रश्न घालायचा, आणि उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. कौलावाचून मुलाकडची माणसे सुपारी उचलणार नव्हती.

गाभाऱ्यात तेलाचा, ओल्या दगडाचा आणि शिळ्या फुलांचा थंड वास कोंदला होता. सगळे गाभाऱ्याच्या दाराशी उभे होते. आतोबा हात जोडून नुसतेच उभे.

"मास्तर, विचारा," गुरव म्हणाला.

"सर्वज्ञाला मी काय विचारणार? त्याने विचारावे. मी उत्तर देईन."

पाकळ्यांवरचे पाणी ओसरू लागले. मुलाचे काका देवळाच्या पायरीशी जाऊन पायात वहाणा सरकवत म्हणाले, "मास्तरांका पोरगी देवची नाय दिसता. चला." शालनने खांब असा धरला, की तिची नखे पांढरी पडली.

"पाकळ्यो सुकतत, मास्तरानू!" गुरव कळवळला; आणि मग वैतागून, देवाच्याच थाटात गरजला, "बरा तर! महाराज विचारतत, तुका काय व्हया?"

आतोबांनी तयार उत्तरासाठी तोंड उघडले. 'मुलीचे कल्याण' असेच काहीतरी ते असावे. पण बाहेर आले ते भलतेच.

"माका… माका माझा चेडू, शालन, खंय धाडूचा नाय."

सर्वांत अधिक दचकले ते स्वतःच. "ह्या माका ठावकच नाय होता," ते मूर्तीकडे पाहत पुटपुटले. "म्हणान विचारता तो. त्याका ठावक आसता. ठावक नसता ता आमका."

मग ते वळले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"शालन, तुका जावचा आसा गो?"

"होय, बाबा."

त्यांनी मान हलवली, देवाला प्रश्न घातला, आणि त्या क्षणीच उजवी पाकळी ओघळली. "सुटलंय रे बाबा," गुरव म्हणाला.

पुढे दर पंधरवड्याला नागपूरला एक पोस्टकार्ड जाऊ लागले. त्यात ख्यालीखुशाली नसे, नुसते प्रश्न असत, आणि प्रत्येकाखाली उत्तरासाठी एक ओळ कोरी. तिथल्या विहिरीच्या पाण्याची चव कशी आहे? संध्याकाळी ऊन कोणत्या भिंतीवर येते? तुला तिथे हाक कोण मारते? शालन कोऱ्या ओळी भरून तेच कार्ड पाकिटातून परत धाडी. त्यामुळे तिच्यापाशी आज एकच कार्ड उरले आहे. त्यावर लिहिले आहे, 'कधी येशील?' त्याखालची ओळ मात्र कोरीच आहे. उत्तर लिहीत बसण्याऐवजी शालन लेकराला कडेवर घेऊन गाडीत बसली होती.