मागचा उजवा पाय

जुलै २००६मध्ये आम्ही अमेरिकेतल्या चँडलरहून केनियातल्या एका खासगी अभयारण्यात गेलो. आम्ही म्हणजे मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले माझे वडील. वडील मेळघाटात बत्तीस वर्षं वनरक्षक होते. चँडलरमध्ये ओळख करून देताना मी त्यांना फॉरेस्ट ऑफिसर म्हणत असे. ते दर वेळी दुरुस्त करत: गार्ड.

निघण्याआधी त्यांनी हॉलमधल्या एका फोटोफ्रेमची काच काढली आणि टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवली. व्याघ्रगणनेत ठशावर अशी काच ठेवून पेनाने त्याची रेषा उतरवत. त्यांना एकदा सिंहाचा ठसा घ्यायचा होता. तिथे जीपमधून उतरू देत नाहीत, असं बायकोने सांगून पाहिलं. त्यांनी काच बॅगेतून काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाइडने मातीतले ताजे ठसे दाखवले, सिंहीण आहे म्हणाला आणि गाडी पुढे काढली. वडिलांनी थांबायला लावलं. ही माणसं इथली आहेत, त्यांना कळतं, असं मी हळूच बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नातीला म्हणाले, "त्याला सांग, मागचा उजवा पाय पूर्ण टेकत नाही. लंगडतेय."

तिने इंग्रजीत सांगितलं. गाइड उतरला आणि ठशांच्या कडेने बरंच अंतर चालून आला. आजोबा काय काम करायचे, असं त्याने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "फॉरेस्ट गार्ड. ऑफिसर नाही."

गाइडने वायरलेसवर परवानगी घेतली, दुर्बिणीने आजूबाजूचं गवत तपासलं आणि वडिलांना हात देऊन उतरवलं. ते गुडघ्यांवर बसले. मागच्या डाव्या पायाचा ठसा पूर्ण होता. उजव्याची दोनच बोटं उमटली होती. दोन्ही ठसे त्यांनी काचेवर घेतले, गाइडच्या वहीत उतरवले आणि खाली मराठीत सही केली. काच त्यालाच देऊन टाकली.

संध्याकाळी सिंहीण सापडली. पंज्यात तारेचा फास रुतला होता. तिथल्या डॉक्टरांनी तिला बेशुद्ध करून तो काढला.

ऑगस्टअखेर चँडलरला गाइडचा ईमेल आला. सोबत काचेवर घेतलेल्या नव्या ठशाचा फोटो होता. पाय मागचा उजवा. चारही बोटं उमटली होती.