गळकी टाकी अर्जात लिहिली तेव्हा

यवतमाळला सरांच्या वकिली ऑफिसात मी लागले तेव्हा तिथं वाटण्या आणि बांधांची भांडणं एवढंच काम होतं. बाहेरच्या पाटीवर मात्र सरांच्या नावापुढे 'आणि असोसिएट्स' असं होतं. असोसिएट म्हणजे मी एकटीच.

मग कापसाचे ते वाईट दिवस आले. भाव पडलेले, आणि सरकारी खरेदी केंद्रापुढची गाड्यांची रांग दिवसचे दिवस हलायची नाही. त्यातच सरकारनं कापूस खरेदीची आपली मक्तेदारी सोडली. जिनिंगवाल्यांनी परवाना काढावा आणि थेट शेतकऱ्याकडून कापूस घ्यावा, असं ठरलं. परवाना कसा काढायचा, हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. जो तो राजपत्राची झेरॉक्स घेऊन सरांकडे यायला लागला. सर ती तीन-तीनदा वाचत आणि मला म्हणत, "'करील' कुठं आहे आणि 'करू शकेल' कुठं आहे, ते आधी शोधा. बाकी नंतर."

दारव्ह्याच्या एका जिनिंगचे मालक, त्यांना सगळे चाचा म्हणत, दोनदा अर्ज परत आल्यावर आमच्याकडे आले. वडिलांपासूनची जिनिंग. आजवर फक्त सरकारच्याच कापसाची सरकी काढून दिलेली. अर्जात काय उणं राहिलं ते बघायला सरांनी मला दारव्ह्याला पाठवलं.

जिनिंगमध्ये पाय ठेवला आणि मला शिंकांमागून शिंका सुरू झाल्या. केसांवर, भुवयांवर रुई. मी एकेक रकाना भरत होते. आग विझवायच्या पाण्याच्या रकान्याशी आले तेव्हा चाचा म्हणाले, "टाकी भरून हाय, लिवा."

चहा घेऊन भाभी, म्हणजे त्यांच्या घरच्या, आल्या. चाचा मशीनकडे वळल्यावर हळूच म्हणाल्या, "टाकी दोन सालांपासून गळून राह्यली, बाई. भरली तरी सांजपर्यंत रिकामी. रुई पेटली तर कायनं विझवसान? मले धाक वाटते."

मी शिडीवरून वर चढून पाहिलं. तळाशी घोटाभर पाणी आणि एक मरतुकडा बेडूक. खाली उतरून मी लिहिलं : टाकी गळकी, दुरुस्ती आवश्यक.

चाचांनी वाचलं आणि चेहरा लाल झाला. "हे काहून लिवलं? तुमी वकील आमचे हाय का सरकारचे?" त्यांनी माझ्या हातून फाईलच ओढून घेतली. एसटीनं परत येताना मला वाटलं, पहिलंच मोठं गिऱ्हाईक घालवलं आपण.

सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी राजपत्र माझ्यापुढे सरकवलं आणि दोन ओळींवर बोट ठेवलं. दोष अर्जदारानं स्वतः कळवला असेल, तर अधिकारी दुरुस्तीसाठी मुदत देऊ शकेल. लपवलेला दोष तपासणीत सापडला, तर अर्ज फेटाळील. "तुम्ही वाचून लिहिलंत का न वाचता?" सरांनी विचारलं. न वाचता, मी कबूल केलं. "मग यापुढे वाचून लिहा," ते म्हणाले, आणि त्यांनी चाचांना फोन लावला. त्या दोन ओळी फोनवर सावकाश वाचून दाखवल्या. मग चाचा म्हणाले, "बाईले सांगा, फाईल घेऊन येतो."

अर्ज गेला तसाच, गळक्या टाकीसकट. मुदत मिळाली. चाचांचा भाऊ मेकॅनिक होता. त्यानं टाकीची गळती आतून बुजवून घेतली आणि नवा पंप बसवला. तपासणीच्या दिवशी साहेबांनी स्वतःच व्हॉल्व्ह फिरवला, तोही सगळा एकदम. पाइप अजगरासारखा उसळला आणि साहेब, सर, मी, सगळे नखशिखांत भिजलो. मग साहेबच चष्मा पुसत म्हणाले, "दाब पुरेसा आहे." भाभी तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

परवान्यात एक अट होती : दिवसाचा भाव दर्शनी भागात ठळक अक्षरांत लिहावा. खरेदीच्या पहिल्या सकाळी पेंटर आलाच नाही, आणि गाड्या तर फाटकाशी येऊन थांबलेल्या. चाचांनी रंगाचा डबा माझ्या हातात दिला. "तुमचं अक्षर चांगलं हाय, बाई. आन् तुमी खरं तेच लिवता."

मी स्टुलावर चढून लिहायला लागले. गाडीवरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "रांग कोठून हाय?"

"रांग नाही, बाबा," चाचा म्हणाले. "सरळ काट्यावर घ्या."

म्हाताऱ्याला खरं वाटेना. त्यानं मागं वळून एकदा रस्त्याकडे पाहिलं, मग बैलांना हाकारलं. भाव फार नव्हता त्या वर्षी, कुठेच नव्हता. पण दुपारच्या आत तो मोकळा होऊन, रिकाम्या गाडीत पाय पसरून, घराकडे निघाला.