नार्व्याच्या अंगणातली कोरडी पद्मिनी

हा सगळा प्रवास एका फोटोमुळे घडला. नार्व्याहून वहिनीने पाठवला होता. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझा चुलतभाऊ दत्तादादा याच्या पद्मिनी गाडीत माझे बाबा तोंड उघडे टाकून झोपलेत आणि मांडीवर भज्यांचा कागद. बाबांनी आणि त्यांच्या भावाने दोन पद्मिनी एकदमच घेतल्या होत्या, दोन्ही पांढऱ्या. आमची पेडण्यात शेडमध्ये असते, कव्हराखाली, एक ओरखडा नाही. तरी बाबा पुतण्याकडे राहायला गेले ते पुतण्याच्याच गाडीतून, कारण काय, तर "आपली गळते." फोटो बघून माझा नुसता जळफळाट झाला. ठरवले, बाबांना परत आणायचे ते आपल्याच गाडीतून.

पेडण्याहून नार्वे फार लांब नाही. धारगळ, कोलवाळचा पूल, मग थिवी, अस्नोडा, मुळगाव, डिचोली. कोलवाळपर्यंत हमरस्ता झकास, पुढे वळणे आहेत आणि खाणीचे ट्रक पुढे असले तर घाई करू नका. अस्नोड्याला जरूर थांबा. पातळ भाजी, पाव, मिरचीची भजी, आणि बिल बघून पोटात गोळा येत नाही. जुनी गाडी असेल तर इंजिन ऑइलचा डबा सोबत हवाच. मी चहा पिऊन येईतो गाडीखाली बशीएवढा काळा डाग पडला होता.

"गळटा मरे तुजी," बाकावर बसलेला एकजण म्हणाला.

"माहीत आहे," म्हटले, तेल भरले आणि निघालो.

नार्व्यात वहिनीने अंगण नुकतेच सारवले होते. "भावजी, तेवढी गाडी रस्त्यावरच लावा हां," ती गोड आवाजात म्हणाली. आणि दत्तादादाची? तुळशीजवळ, त्याच अंगणात, ऐटीत उभी. दाराला पोचा, मागच्या सीटवर नारळ, डिकीत कोंबडीखाद्याचे पोते. मी चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने वाकून खाली पाहिले. एक ठिपकासुद्धा नाही. असा राग आला म्हणून सांगू.

सकाळी सप्तकोटेश्वराला जाऊन आलो. गर्दी नव्हती, नदीकडून छान वारा येत होता. आणि मी देवाकडे मागितले काय, तर दादाच्या गाडीखाली एक थेंब.

मग हत्यारे काढली. गळती शोधायची तर आधी इंजिन स्वच्छ हवे. तेल वरून ओघळते, वाऱ्याने मागे जाते आणि भलत्याच जागी ठिबकते, त्यामुळे खालच्या डागावर विश्वास ठेवू नका. डिझेलने सगळे धुतले, पुसले, वहिनीची पावडर फासली आणि इंजिन चालू ठेवले. पावडर पहिली जिथे भिजेल तिथे दोष. माझा संशय टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, कॉर्क पॅकिंगवर होता. घरी मी ते जीव खाऊन आवळले होते. पण पावडर भिजली ती कव्हरपाशी, पुढच्या सीलपाशी आणि मागेही, जवळपास एकदमच.

"सगळीकडून कशी गळेल?" मी वैतागून म्हणालो.

दत्तादादाने चालू इंजिनचे तेल भरायचे झाकण उघडले. आतून फस्सकन धूर आला. "हिचा श्वास कोंडलाय, विनू. आतली हवा बाहेर टाकणारी नळी कुठाय?"

ती नळी मी एअर फिल्टरपासून सोडवून खाली मोकळी ठेवली होती, फिल्टर तेलकट होऊ नये म्हणून. तारेने टोचली तर तांबड्या मातीचे ढेकूळ पडले. कुंभारणीचे घर. ही माशी मोकळे भोक दिसले की आत अंडी घालते आणि मातीने बुजवते. कोंडलेली हवा मग मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलत होती.

"तुझ्या गाडीत नाही शिरत ती?"

"उभी असली तर शिरेल ना," दादा म्हणाला. "काकाच राहू देत नाहीत. आज डिचोलीच्या बाजारात, उद्या शिरगावाक."

म्हणजे बाबा ह्याला रोज फिरायला नेतात.

नळी धुऊन परत जागेवर जोडली. आवळून चिरडलेले कॉर्क बदलले. नवे डिचोलीच्या बाजारात मिळाले. समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळा आणि हात आवरा. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरा. तो मी दादाला मुद्दाम नेऊन दाखवला, मग वहिनीलाही.

बाबा आमच्या गाडीत बसले. पण कसे, तर पाय जुळवून, पिशवी मांडीवर धरून, पाठ सीटला न टेकता. मुळगाव आले तरी तसेच.

"आरामात बसा की."

"नको रे, तुझी सीट मळेल."

दत्तादादाच्या गाडीत हाच माणूस घोरत होता. गळती काढून मी काय मिळवले, असे झाले.

अस्नोड्याला भजी घेतली आणि कागद सीटवरच उलगडला. तेल कागदातून सीटवर उतरले. बाबा घाबरून रुमाल शोधू लागले.

"राहू द्या, बाबा. खा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग एक भजे उचलले, मग दुसरे. पिशवी खाली पायाशी गेली. कोलवाळच्या पुलावर त्यांची मान कलली, तोंड उघडे पडले. पूल संपल्यावर गाडी बाजूला घेतली, फोटो काढला आणि वहिनीला पाठवला.

इंजिन अजून कोरडे आहे. सीटवरचा डाग आहे तसाच ठेवलाय. शेडमध्ये एक कुंभारीण घिरट्या घालते, म्हणून गाडी रोज बाहेर काढतो आणि बाबा पुढे बसतात. मला वाटले होते, माझा हेवा नार्व्यातच राहिला. काल दत्तादादाचा फोन आला, "रविवारी काकांना न्यायला येतो."

"तू कशाला?" म्हटले. "मीच आणतो त्यांना. आणि गाडी अंगणात लावणार, वहिनीला सांगून ठेव."